पहिलं कडवं

माळ्यावर नाताळची चांदणी शोधायला चढले आणि हाताला स्टोव्ह लागला. गोणपाटात गुंडाळून सुतळीने करकचून बांधलेला होता, पण गाठ सोडायच्या आधीच मी ओळखला. रॉकेलचा वास! टाकीत कित्येक वर्षं थेंब पडला नसेल, तरी वास काही घर सोडायला तयार नव्हता. गोणपाट बाजूला केलं. पितळ काळवंडलं होतं, एक पाय वाकडा झाला होता, पंपाचा दांडा मात्र जागच्या जागी होता.

"ताई, ते भंगारात द्यायचंय," खालून रूथ म्हणाली. रूथ माझी भावजय. एका हाताने तिने माझं स्टूल धरलं होतं, दुसऱ्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलवर केकवाला. "उद्या सकाळी येईल भंगारवाला. दाराशीच ठेवा."

भंगारात! तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्याच्यावर आमचे सगळे नाताळ शिजले, तो स्टोव्ह भंगारात. स्टुलावर उभं राहून भांडता येत नाही म्हणून मी आधी खाली उतरले आणि मग बोलले. बरंच बोलले. रूथने मोबाईल कानाशी धरून सगळं ऐकून घेतलं आणि केकवाल्याला म्हणाली, "एक मिनिट हं भाऊ, घरात पाहुणे आलेत."

पाहुणे म्हणजे मी.

खरं सांगायचं तर राग मी पुण्याहूनच घेऊन निघाले होते. शुक्रवारच्या एसटीत तो माझ्या शेजारीच बसला होता. पावसाळ्यात आमच्या गावी, राहात्याच्या घरी, आई मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि माझ्या धाकट्या भावाने, शांतवनने, तिला शहरात, सावेडीला, आपल्या फ्लॅटवर आणलं. चांगलं केलं. त्याबद्दल त्याला कोण काय बोलणार? पण फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि सोसायटीची लिफ्ट कधीपासून बंद. आई वॉकर धरून बाहेरच्या खोलीपर्यंत येते, खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघते आणि परत आत जाते. राहात्याचं घर भाड्याचं होतं, ते सोडून दिलं. आता देऊळ, म्हणजे आमचं चर्च, लांब, शेजार नाही, "सलाम, बाई" म्हणत कुणी दारात डोकावत नाही. शेजारच्या फ्लॅटचं दार तर मी तीन खेपांत एकदाही उघडं पाहिलेलं नाही.

त्यात महिन्यापूर्वी आईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झालं, आणि मग म्हणाली, "यंदा मला दारात बसून गानं ऐकायचंय. आपलं, जुनं, मरियेचं. तेवढं कर. बाकी मला काय नको."

माझ्या आईने आयुष्यात माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मागायची ती 'मिरच्या निवड', 'हंडा भर', 'भावाला सांभाळ' असलंच. त्यामुळे मी फोन ठेवला आणि लगेच शांतवनला लावला. शांतवनने देवळातल्या तरुण संघाला सांगितलं, तरुण संघाने ते ग्रुपवर टाकलं आणि ग्रुपवरून उत्तर आलं: शनिवार, संध्याकाळी सात. दाढी-कटिंगला नंबर लावावा तसा हल्ली कॅरलला नंबर लावावा लागतो. पण म्हटलं असू दे. आईला तिचं राहाता दारात आणून द्यायचं, बस्स. तेवढ्यासाठी मी दोन दिवस आले होते.

राहात्याला नाताळ नाकाने कळायचा. दिवस लहान झाले की पेरूच्या बागा उतरायला लागायच्या आणि बाजारातून नुसतं चालत गेलं तरी कपड्यांना पेरूचा वास लागायचा. वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास यायचा. बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याने मळमळायचं, आम्हाला भूक लागायची. पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड्यांच्या बैलगाड्या उजाडायच्या आत आमच्या खोल्यांवरून जायच्या, आणि त्या घुंगरांच्या आवाजावर आई उठायची. चुन्यात नीळ कालवून ती भिंतींना हात मारायची. तो ओला वास घरात असेपर्यंत आम्हा पोरांना भिंतीला टेकायची बंदी. टेकलोच तर पाठीवर निळसर डाग आणि त्यावर आईचा धपाटा.

चांदणी दादा करायचे. दादा म्हणजे आमचे वडील. दवाखान्यात कंपाउंडर होते. कामट्या तासून, त्यावर पतंगाचा कागद चिकटवून ते पाच पाकळ्यांची चांदणी बनवायचे. खळ शिजवायची आईने, कामट्या धरायच्या आम्ही आणि चांदणी दादांची. लोक येताजाता वर बघून म्हणायचे, "कंपाउंडरसाहेब, यंदा झक्कास जमलीय!" दादा मान खाली घालून हसायचे. ते हसू मला अजून दिसतं.

आणि नानकटाई. घरी भट्टी कुणाकडे होती? रवा, मैदा, पिठीसाखर, तूप असं सगळं डब्यात घेऊन वस्तीतल्या बायका बेकरीवर जायच्या. पत्र्याच्या ट्रेमध्ये आपापल्या नानकटाया लावायच्या आणि भट्टीची पाळी यायची वाट बघत भिंतीला टेकून बसायच्या. सगळ्यांचे पत्रे एकाच भट्टीत जायचे, त्यामुळे आपला माल ओळखायला प्रत्येकीची खूण असायची. कुणी बदाम खोचायची, कुणी काट्याने रेघ ओढायची. आई दादांच्या जुन्या शर्टाचं बटण घेऊन जायची आणि प्रत्येक नानकटाईवर त्याचा ठसा उमटवायची. चार भोकांची नानकटाई आली की समजायचं, आपली. भट्टीच्या उबेत आई पाय पसरून बसायची, हसायची, कुणाच्या तरी सासूची नक्कल करायची. घरी मी तिला कधी पाय पसरून बसलेली पाहिली नाही.

पण हे सगळं चालायचं ते गाणारे यायच्या त्या एका संध्याकाळसाठी. दिवे लागले की लांबून झांजा ऐकू यायच्या. आमची खोली ओळीत पहिली, म्हणून गाणारे पहिले आमच्याकडे यायचे. पुढे गॅसबत्ती, मागे पेटी गळ्यात अडकवलेले शाळेतले मास्तर, ढोलकीवाला, मफलर गुंडाळलेले दहा-वीस पुरुष. दादा सतरंजी अंथरून दारात उभे. आम्ही भावंडं एका गोधडीत उंबऱ्यावर. "सलाम, सलाम" झालं की गॅसबत्ती खाली टेकवली जायची. मग मास्तर पेटीवर बोट ठेवायचे.

ते गाणं कुठल्या पुस्तकात नव्हतं. आमच्याच भागातल्या कुणा जुन्या माणसाने रचलेलं, तोंडातोंडी आलेलं. पहिलं कडवं अगदी हळू म्हणायचं, ढोलकीशिवाय, नुसत्या पेटीवर:

*बस गं मरिये, बस जरा,*
*लांबची वाट, गार वारा.*
*उतर ओझं, टेक पाठ,*
*रात सरेल, होईल पहाट.*

मला तेव्हा रडू यायचं, आत्ता लिहितानाही येतंय. एवढे दांडगे पुरुष, दिवसभर उसात आणि कारखान्यात राबलेले, एका दमलेल्या गर्भार बाईला इतक्या हळू आवाजात 'बस गं' म्हणत होते. आत आमचा स्टोव्ह भर्र आवाज करत असायचा. त्या आवाजाशिवाय मला हे गाणं आठवतच नाही. तंबोऱ्यासारखा तो मागे लागून राहिलेला असायचा. मग एकेक कडवं चढत जायचं, मेंढपाळ यायचे, ताऱ्यामागून निघालेले मागी लोक यायचे आणि शेवटच्या कडव्याला ढोलकी सुटायची. *दार उघडा, दिवा लावा, बाळ आलं घरी!* सगळी गल्ली टाळ्यांचा ठेका धरायची. बरोबर त्याच वेळी आई पदराला हात पुसत, कपबश्यांनी भरलेलं ताट घेऊन बाहेर यायची. एकही वर्ष तिची वेळ चुकली नाही. दादा मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगायचे, "आमच्या घरी आमेन आणि चहा एकदमच!"

दादा गेले ते वर्षही आठवतं. नाताळ तोंडावर आला होता आणि घरात चुना नाही, चांदणी नाही. तरी गाणारे आले. ढोलकी न घेता आले. मास्तर म्हणाले, "यंदाचं गाणं बाईंच्या सांत्वनासाठी." मी उंबऱ्यावर बसून ते कडवं ऐकलं आणि ढसाढसा रडले. शांतवन माझ्या मांडीत डोकं खुपसून रडला. मोठमोठे बाप्ये मफलरने डोळे पुसत होते. गाणं संपलं आणि आई चहा घेऊन आली. तिचे डोळे कोरडे होते. किती खंबीर बाई, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत आले, इतकी वर्षं.

तर असा तो स्टोव्ह. मी स्वयंपाकघरात ठाण मांडलं, चिंच भिजत घातली आणि त्याला घासायला बसले. तिथे आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला करंज्यांचं पीठ, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन आणि त्यावर मेंढपाळांचे अर्धवट शिवलेले झगे, कारण देवळात मुलांची रविवारची शाळा भरते, तिच्या नाताळच्या नाटकाचे कपडे रूथकडे. शिवाय ती रोजच्या शाळेत शिकवते. सकाळची शाळा करून, येताना भाजी घेऊन ती मला स्टूल धरायला उभी राहिली होती. मला हे दिसत होतं आणि दिसूनही मी म्हणाले, "नानकटाई विकतची आणलीस? भट्टीवर गेली असतीस तर काय झालं असतं? आमची आई..."

रूथने लाटणं खाली ठेवलं.

"ताई, उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? तुम्ही दोन दिवस येणार, वास घेणार, आठवणी काढणार. निस्तरायचं कुणी?"

"अगं, पण सणाला काही..."

"आणि ते चिंचेचं पाणी माझ्या पिठावर उडतंय."

शांतवन दारात डोकावला, दोघींकडे बघितलं आणि म्हणाला, "होईल गं ताई, सगळं मॅनेज होईल. मी जरा लायटिंगची माळ घेऊन येतो." आणि स्कूटरची किल्ली घेऊन सटकला. पुरुषांना भांडण सुरू झालं की नेमकी बाजारातली वस्तू कशी आठवते, याचा कुणीतरी शोध लावायला हवा.

स्टोव्ह मात्र लखलखीत झाला. मी तो दोन्ही हातांवर धरून आईसमोर नेला. ती पलंगावर बसून शालीचे गोंडे विंचरत होती. गुणगुणत होती, "दार उघडा, दिवा लावा, बाळ आलं घरी..." आल्यापासून मी तिच्या तोंडून तेवढंच ऐकत होते. तेच एक कडवं, परत परत. बाकीचं विसरली बिचारी, असं मनात येऊन मला वाईट वाटत होतं.

"आई, बघ काय सापडलं!"

तिने बघितलं. हात पुढे केला नाही.

"ह्यो हाय व्हय अजून?"

"बघ ना कसा चकाकतोय. आठवतं? आपल्याकडे कॅरलवाले यायचे..."

"दे टाकून," आई म्हणाली आणि परत गोंडे विंचरायला लागली.

मला आईचाही राग आला. मी एवढी नखं काळी करून घेतली आणि हिला त्याचं काही नाही! या घराने तिचं मनच वाळवून टाकलं, असं वाटलं. मी स्टोव्ह बाहेर नेऊन दाराशी, चपलांच्या फळीवर ठेवला. सगळ्यांना दिसेल असा. भंगारवाल्याला नव्हे, गाणाऱ्यांना दिसायला.

चार वाजल्यापासूनच आईने तयारी मांडली. रूथने तिला निळ्या काठाची पांढरी साडी नेसवली, केसांना तेल लावून बारीक अंबाडा घातला. मशीनवरून उठून, एकदाही कपाळाला आठी न घालता. शांतवनने दारासमोर खुर्ची ठेवली. दार उघडं टाकलं तसा जिन्यातून गार वारा आत यायला लागला. मी म्हटलं, "आई, आत्ताच कशाला बसतेस? सातला येणारेत."

"बसू दे," ती म्हणाली. "मी बसते."

ती बसली. हात मांडीवर, डोळे जिन्याकडे. सहा वाजले, लाइटच्या माळा उघडझाप करू लागल्या. सात वाजून गेले. मग खालून आवाज आला: "हॅलो, चेक, चेक, वन टू."

शांतवन गॅलरीत धावला. "आई, आले बघ! ये, इथून दिसतंय!"

मी वाकून बघितलं. पार्किंगमध्ये टेम्पो उभा होता, त्यावर दोन भलेमोठे स्पीकर. लाल टोप्या घातलेली पोरं-पोरी ओळीत उभी राहिली. मोबाईलवर आधीच भरलेलं संगीत सुरू झालं आणि त्यांनी त्याच्यावर एक हिंदी गाणं म्हटलं, मग एक इंग्रजी. स्पीकरचा दणका असा की आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारच्या फ्लॅटचं ते कधी न उघडणारं दार उघडलं आणि एका गृहस्थांनी कपाळाला आठ्या घालून ते परत लावून घेतलं. खाली सगळ्यांनी मिळून फोटो काढला. शांतवन वरून हात हलवत व्हिडिओ घेत होता.

"दारात न्हाई का येनार?" मागून आईने विचारलं. हळूच विचारलं. कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने.

आणि टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

मी जिना कशी उतरले ते मला सांगता येणार नाही. गुडघे माझेही आता चांगले नाहीत. पण टेम्पो फाटकाशी पोचला तेव्हा मी त्याच्या पुढ्यात होते, पायात रूथची बाथरूमची चप्पल.

"काकू, सलाम! मेरी क्रिसमस!" विकी म्हणून तरुण संघाचा सेक्रेटरी, तो पुढच्या सीटवरून ओरडला.

"वर कोण येणार?"

"लिफ्ट बंद आहे ना काकू. आणि अजून बऱ्याच सोसायट्या राहिल्यात. आपण लाइव्ह केलंय, आजींना मोबाईलवर दाखवा की."

"तू इथे गायलास ते कुणासाठी?"

"म्हणजे? तुमच्यासाठीच."

"इथे ऐकायला कोण होतं? स्कूटरी! स्कूटरींना नाताळ ऐकवलास तू. अरे, मेंढपाळ रान तुडवत आले, मागी लोक उंटावर बसून देश ओलांडून आले आणि तुम्हाला तीन जिने चढवत नाहीत? वर एक म्हातारी चार वाजल्यापासून दार उघडं टाकून थंडीत बसलीय. तिला मोबाईल नको, दारात गाणं हवंय. आणि मला हलवायचं असेल ना इथून, तर टेम्पो अंगावरून घाल."

मागच्या पोरी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. विकीने घड्याळाकडे बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं. तेवढ्यात मागून एक चाळिशीतला माणूस ढोलकी काखेत मारून खाली उतरला.

"चला रे," तो म्हणाला. "कोनतं गानं पायजे, काकू?"

"मरियेचं. बस गं मरिये."

"मी राहात्याकडचाच हाय. आमचा आज्जा म्हनायचा ते. पोरं धरतील माझ्यामागं."

वाद्यांपैकी एक ढोलकी तेवढी वर आली. स्पीकर खालीच राहिले. पोरं धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचली, दारासमोरच्या जागेत आणि पायऱ्यांवर दाटीवाटीने उभी राहिली. "सलाम, आजी." "सलाम, आजी." प्रत्येकाने वाकून म्हटलं. आईने एकेकाला हात जोडले. "सलाम, सलाम. या बाळांनो." तिचा चेहरा असा उजळला होता की माझा दिवसभराचा राग फिटल्यासारखा झाला. जिंकले मी! राहाता आणलं की नाही दारात?

आणि मी वळले ती तडक स्वयंपाकघरात.

रूथ आधीच तिथे होती. मोठं पातेलं गॅसवर चढलेलं, ती आलं ठेचत होती. मी न विचारता फ्रिजमधून दूध काढलं. तिने साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला. दिवसभरात पहिल्यांदा आमचं दोघींचं एकमत झालं होतं. बाहेर ढोलकीवाल्याने घसा खाकरला आणि हळू आवाजात सूर धरला. मी कपांच्या ओळी मांडायला घेतल्या.

"थांबा."

आईचा आवाज. असा आवाज मी तिच्या तोंडून लहानपणीसुद्धा ऐकला नव्हता.

"ए पोरांनो, थांबा जरा. माझी लेक कुटं हाय? सून कुटं हाय?"

"आई, चहा टाकतोय," मी आतून ओरडले. "तू ऐक निवांत."

"गॅस बंद कर."

"अगं, एवढी माणसं..."

"बंद कर म्हन्ते ना! दोघी बी भाईर या. या आन् बसा हितं."

गॅस रूथने बंद केला. आम्ही बाहेर आलो. पोरं गोंधळून बघत होती. आई खुर्चीत ताठ बसली होती, डोळे आम्हा दोघींवर रोखून. माझ्या आईला राग येतो हे मला त्या दिवशी कळलं.

"मला ह्या गान्याचं पहिलं कडवं ठावं न्हाई," ती म्हणाली.



"लगीन होऊन आले तवापासनं दर साली माझ्या दारात म्हनत्यात. मला ठावं न्हाई. तुझा बाप म्हनायचा, आमेनला चहा हातात पायजे. मंग स्टोव्ह आदुगर पेटवायचा. त्यो भर्र करायचा, त्यात मला काय बी ऐकू यायचं न्हाई. ढोलकी वाजली की मी समजायची, संपत आलं. की ताट घेऊन भाईर. दार उघडा, दिवा लावा, येवढंच माझ्या वाट्याला." तिने माझ्याकडे बघितलं. "तुझा बाप गेला तवा बी. म्हने बाईसाठी म्हनलं. बाई कुटं हुती?"

आत. स्टोव्हपाशी. पंप मारत.

मला उत्तर माहीत होतं, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. उंबऱ्यावर बसून, गोधडीत, ऐकत. एवढ्या माणसांनी तिच्यासाठी डोळे पुसले आणि एकालाही वाटलं नाही की तिला बाहेर बोलवावं. मला मास्तरांचा राग आला. मला दादांचा राग आला, ज्यांच्याबद्दल मी आजवर एक वाकडा शब्द काढलेला नाही. त्यांच्या त्या मान खाली घालून हसण्याचाही राग आला. आणि सगळ्यात जास्त राग आला तो माझ्या त्या गोड आठवणीचा. तंबोरा म्हणे! ज्या आवाजाने तिचं गाणं गिळलं, त्याला मी आयुष्यभर तंबोरा म्हणत आले आणि आज तोच चिंचेने घासून तिच्या पुढ्यात धरला. फळीवर चपलांमध्ये तो नुसता लखलखत होता. उद्या भंगारवाल्याची हाळी आली की मीच खाली नेऊन देणार, हे तिथल्या तिथे ठरलं.

"बस," आई रूथला म्हणाली. रूथच्या हाताला पीठ तसंच होतं. ती खुर्चीच्या पायाशी, फरशीवर बसली. मी दुसऱ्या बाजूला बसले. शांतवन मोबाईल खिशात घालून भिंतीशी उभा राहिला.

"म्हना आता," आई म्हणाली.

ढोलकीवाल्याने ढोलकी पायरीवर ठेवून दिली. मग तो आणि त्याच्यामागून अंदाजाने ती पोरं, अगदी हळू, जिन्याच्या गार हवेत:

*बस गं मरिये, बस जरा,*
*लांबची वाट, गार वारा...*

आईने मान वर केली. पहिल्या ओळीला तिच्या कपाळावर आठी पडली, ऐकण्यात चूक झाली की काय असं वाटल्यासारखी. *उतर ओझं, टेक पाठ.* तिने पाठ खुर्चीला टेकली. शाल खांद्यावरून घसरली, ती कुणी उचलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला तिने पदरसुद्धा उचलला नाही. शेजारी रूथने मांडीवरचे पिठाचे हात पालथे ठेवले होते आणि डोळे मिटले होते. ती दमली होती. दुपारपासून मी तिला बघत होते, पण ती किती दमली आहे हे मला आत्ता दिसलं.

कडवं संपलं. विकीच्या खिशात मोबाईल वाजत होता, पुढच्या सोसायटीचा असणार. त्याने तो न बघता बंद केला. ढोलकीवाल्याने वाकून ढोलकी उचलली.

"पुढलं म्हनू का, आज्जी?"

"पुढलं ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "पहिलंच म्हना परत."